सेकंड माल फ्रेशच्या भावात

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी चेकिंगला आहे. तार तुटलेली, किनार सुटलेली, तेलाचा डाग पडलेला टॉवेल दिसला की तो सेकंडच्या ढिगात. सेकंड माल फेकत नाहीत, तोही विकला जातो. पण सेकंड आहे असं सांगून, कमी भावात. गिऱ्हाईक बघून, पटलं तर घेतं. कॉम्प्युटर गेम विकणाऱ्यांनी एवढं तरी करावं, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या भाच्यानं दिवाळीचे पैसे साठवून एक नवा गेम घेतला. रात्रभर डाऊनलोड चालला. सुरू केला तर आधी शेडर (पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्याची पट्टी, आणि ती सरकता सरकेना. लॅपटॉप तापून हात लावू देईना. मग कुठं खेळ सुरू झाला, तर एक पात्र दारातच अडकलेलं. त्याच्याशी बोलल्याशिवाय पुढचं मिशन उघडत नाही आणि ते काही हलत नाही. "मामा, माझंच काहीतरी चुकतंय का?" असं त्यानं विचारलं, तेव्हा मला फार राग आला. पूर्ण पैसे मोजलेल्या पोरानं स्वतःला का दोष द्यायचा?

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात 2015 पासून परताव्याची सोय आहे: घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत. नियम चांगलाच आहे. पण गेम उघडून शेडरची पट्टी बघत बसलो, तर तो वेळही त्या 2 तासांतच मोजला जातो.

सायबरपंक 2077 या गेमचं प्रकरण तर सगळ्यांना माहीत आहे. तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलत 10 डिसेंबर 2020 ला तो आला. रिव्ह्यू करणाऱ्यांना आधी दिली ती पीसीची कॉपी. प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांवर, त्याची काय दशा आहे, ते पैसे भरल्यावरच लोकांना कळलं. आठवडाभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढला. त्या कन्सोलवरचा खेळ आधी दाखवला नाही याबद्दल गेम बनवणाऱ्या कंपनीनं माफीही मागितली. पुढे 2023 च्या 2.0 अपडेटनंतर गेम खरंच सुरेख झाला, मी स्वतः खेळलोय. पण सुरेख गेम मिळाला तो थांबलेल्यांना, तोही सवलतीत. पहिल्या दिवशी पूर्ण दाम मोजणाऱ्यांच्या वाट्याला सगळा त्रास.

लोक शिव्या देतात प्रोग्रामर आणि टेस्टरना, ते मला अजिबात पटत नाही. टेस्टरचं काम बग, म्हणजे गेममधल्या चुका, शोधून नोंदवायचं. माल सोडायचा की अडवायचा, हे वरचे ठरवतात, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे तिमाहीचा हिशेब आणि ख्रिसमसचा सीझन असतो. गेम कार्ट्रिजमध्ये भरून विकायच्या काळात एकदा गेलेला माल दुरुस्त करता येत नव्हता, म्हणून तपासून, जपून सोडावा लागे. आता पॅच, म्हणजे इंटरनेटवरून दुरुस्ती, नंतर देता येतो, म्हणून आज काहीही खपवलं जातं.

अपुरा गेम विकूच नये, असं माझं म्हणणं नाही. बाल्डर्स गेट 3 ऑक्टोबर 2020 मध्ये फक्त पहिल्या अंकासह अर्ली ॲक्सेसला, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला. काम चालू आहे, हे सरळ सांगून विकला. पूर्ण गेम आला ऑगस्ट 2023 मध्ये. घेणाऱ्याला माहीत होतं आपण काय घेतोय, म्हणून फसवल्याची भावना नव्हती.

भाच्याला सांगून ठेवलंय, प्री-ऑर्डर, म्हणजे गेम येण्याआधीच पैसे भरून नोंदणी, करायची नाही. गेम आला की महिनाभर थांबायचं, आपल्यासारख्याच लॅपटॉपवर कुणी खेळलेला व्हिडिओ शोधायचा, तो दोघांनी मिळून बघायचा आणि मगच पैसे भरायचे.