पहिला डीएसएलआर घेऊन मे महिन्यातला ताडोबा

नवा कॅमेरा आणि पहिली जंगल सफारी, दोन्ही एकाच वर्षी करायचं असेल तर खुशाल करा, पण मध्ये निदान महिनाभर जाऊ द्या. आम्ही मे महिन्यात मोहर्ली गेटने ताडोबा करून आलो. वाघीण दिसली, अस्वल दिसलं, रानगवे तर रस्त्यातच उभे होते. त्यातले जे फोटो बरे आले त्यांचं श्रेय लेन्सला कमी आणि आधी पुण्यात घालवलेल्या सकाळींना जास्त. म्हणून तयारीचं जरा सविस्तर सांगते.

कॅमेरा सेकंडहँड निकॉन डी५६००. सगळे मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळल्यामुळे आरशाचे चांगले डीएसएलआर आता हौशी माणसाच्या आवाक्यात आलेत. सोबत ७०-३०० मिमीची झूम लेन्स. या लहान सेन्सरवर ३०० मिमीला फुलफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या हिशेबाने ४५० मिमीची चौकट मिळते आणि ताडोब्यात ती पुरते. ही लेन्स घेताना नावात ‘व्हीआर’ (हाताची थरथर सावरणारी सोय) आहे ना, ते नीट वाचा. बिनव्हीआरची स्वस्त लेन्सही बाजारात फिरते आणि दिसायला अगदी तशीच असते. निकॉनच्या एएफ-पी डीएक्स प्रकारात व्हीआरचं बटण लेन्सवर नसतं, मेन्यूत जाऊन चालू करावं लागतं. चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरशेजारचं (डोळा लावायच्या खिडकीशेजारचं) छोटं चाक फिरवून आतले आकडे स्पष्ट दिसतील असं करून घ्या. नाहीतर फोटो धड असतो आणि आपण लेन्सला नावं ठेवत बसतो.

सरावासाठी पुण्याजवळचं पक्षी बघायचं ठिकाण, कवडीपाट, उत्तम. उन्हाळ्यात पाहुणे पक्षी गेलेले असले तरी बगळे, पाणकावळे आणि घारी असतातच. त्याहून चांगला सराव सोसायटीतल्या कुत्र्यांवर होतो. आपल्याकडे धावत येणारं कुत्रं फोकसमध्ये धरता आलं, की चालत येणारा वाघ सोपा.

सरावात शिकायचं फार थोडं आहे, पण ते बोटांत बसलं पाहिजे. ऑटो मोड पहिल्या दिवशीच सोडा, कारण उजेड कमी झाला की त्यात फ्लॅश आपोआप वर येतो, आणि जंगलात फ्लॅश चालत नाही. मी ॲपर्चर प्रायॉरिटी मोड ठेवून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड घेणारं भोक, पूर्ण उघडं ठेवत होते. आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता; ती ऑटोवर, वरची मर्यादा ३२०० आणि शटरचा किमान वेग १/५०० सेकंद. पळणाऱ्या जनावरासाठी १/१००० तरी हवा, तेव्हा शटर प्रायॉरिटीवर, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायच्या मोडवर जायचं. फोकस सतत बदलत राहणारा, म्हणजे एएफ-सी, पण पॉइंट एकच. बांबू आणि गवताच्या काड्या मध्ये असताना कॅमेऱ्यावर निवड सोपवली तर तो बिचारा जवळची काडी पकडतो. फोकसचा बीप आणि मदतीचा दिवा दोन्ही बंद. हे सगळं डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता बदलता येईपर्यंत घोटायचं. ताडोब्यात पर्यटकांना मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे ऐनवेळी व्हिडिओ बघून शिकू हा बेत विसरा. माझे आकडे एका कागदावर लिहून टोपीत ठेवले होते. मनगटावर घड्याळही लागतं, सवय गेलेली असते.

आता जंगल. पहाटे गेट उघडताना उजेड इतका कमी असतो की पहिला अर्धा तास आयएसओ मर्यादेला टेकलेला. फोटोत दाणे दिसतील, दिसू देत. हललेला फोटो कशानेच सुधारत नाही. तेलिया तलावाच्या बाजूला सांबराचा कॉल (वाघाची चाहूल लागल्याची हाक) आला तसा गाईडदादांनी हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. हे आधीच सांगून ठेवा, कारण चालू जिप्सीची थरथर व्हीआरलाही झेपत नाही. वाघीण बांबूतून निघाली ती थेट गाड्यांच्या दिशेने. “ताई, घाई नका करू, पाहून राहिली ते तुमच्याकडंच,” दादा हळूच म्हणाले. ती इतकी जवळून गेली की मला झूम ७० पर्यंत मागे घ्यावा लागला. शेजारच्या जिप्सीत भाड्याच्या १५०-६०० चं धूड घेतलेले गृहस्थ होते, त्यांच्या चौकटीत तेव्हा फक्त कान आणि मिशा मावत असणार. पहिल्या खेपेला ती दोन किलोची लेन्स घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

अस्वलाने वेगळाच धडा दिला. काळं जनावर चौकट भरून उभं राहिलं की कॅमेरा त्याला राखाडी करायला बघतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजळपणा कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ केलं की काळं काळं राहतं. रानगव्यालाही तेच. गर्द सावलीपुढे उन्हात बसलेल्या वाघालाही तेच, नाहीतर अंगावरचा पांढरा रंग जळून जातो.

मे महिन्याची एक अडचण कुणी सांगत नाही. ऊन तापलं की जमिनीलगतची हवा थरथरू लागते आणि लांबचा फोटो कितीही महागड्या लेन्सने काढा, मऊच येतो. मग तळ्यापलीकडच्या ठिपक्याएवढ्या वाघामागे लागण्यापेक्षा जवळचं बघा. नीलपंख, वेडा राघू, पाण्यावर आलेली वानरं, फुललेला बहावा. मोहर्ली-ताडोबा रस्त्याकडेचे गोंड राजांच्या काळातले दगडी खांब मला अजून नीट टिपता आलेले नाहीत, जिप्सी पुढे निघून जाते.

धुळीचं काय करायचं? आत लेन्स बदलायची नाही, एवढंच. गाडी पळत असताना कॅमेरा जुन्या उशीच्या अभ्र्यात. खोलीवर आल्यावर ब्लोअरने आधी धूळ उडवायची, मगच कापड लावायचं, नाहीतर काचेवर चरे पडतात. ट्रायपॉड घरीच ठेवा, जिप्सीत तो उभा करायला जागा नसते. जुन्या जीन्सचा पाय कापून शिवलेली थैली रिकामीच न्या आणि चंद्रपुरात तांदूळ घेऊन भरा. जिप्सीच्या कठड्यावर टाकली की कॅमेरा छान बसतो. परतताना तांदूळ घरी, त्याचं काय करायचं ते सांगायला नको.

बसायला मधली रांग मागा, मागच्या रांगेत फार हिसके बसतात. बॅटऱ्या दोन, कार्डं दोन, आणि दुपारी खोलीवर फोटो बघण्याऐवजी झोप, कारण दुपारच्या फेरीला मे महिन्यात उघड्या जिप्सीत बसायचं म्हणजे डोक्याला ओला पंचा हवाच.

बुकिंग वनविभागाच्या संकेतस्थळावरून होतं. त्यात जे ओळखपत्र दिलं असेल तेच मूळ स्वरूपात गेटवर लागतं. मोठ्या लेन्सचं शुल्क आणि नियम बदलतात, ते त्याच वेळी तपासा. कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, मंगळवारी बंद असतं आणि जुलै ते सप्टेंबर पूर्ण बंद. आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची (कोअरभोवतीच्या पट्ट्याची) गेटं मोहर्लीहून सोयीची आहेत. लेन्सच्या भाड्याचे पैसे वाचवाल त्यात बफरची एक जादा फेरी घ्या, आणि शक्य असेल तर तीच सर्वांत आधी करा. हात बसायला ती बरी.