विमा कंपनीने भाडेकरूची पॉलिसी मध्येच बंद केली तर

मुंबईत भाड्याने राहणारे बहुतेक लोक घराचा विमा ही घरमालकाची बाब समजतात. प्रत्यक्षात सोसायटीने इमारतीचा विमा उतरवला असला, तरी भाडेकरूचे कपाट, फ्रिज किंवा लॅपटॉप त्यात येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तसा दिवस पुन्हा उजाडला तर सामानाचे नुकसान भाडेकरूलाच सोसावे लागेल. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या सर्व कंपन्यांसाठी एकसारख्या असलेल्या पॉलिसीत फक्त घरातील सामानाचा विमाही घेता येतो. आग, पूर व भूकंप यांचे संरक्षण तिच्यात आहे; चोरीचे मात्र अशा आपत्तीमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत झाली तरच.

अंधेरीत भाड्याने राहणाऱ्या माझ्या भाचीने अशीच पॉलिसी घेतली होती. तिच्या लिव्ह अँड लायसन्स करारनाम्याची अकरा महिन्यांची मुदत संपून त्याच घराचा नवा करार झाला, आणि जुना करार संपल्यामुळे पॉलिसी बंद होत असल्याचा निरोप कंपनीकडून आला. पाठोपाठ प्रतिनिधीने एक अर्ज पाठवून त्यावर सही करण्यास सांगितले. पॉलिसी रद्द करण्याची विनंती तिनेच केली आहे, असे दाखवणारा तो अर्ज होता.

मला सर्वांत गंभीर वाटते ते हेच. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक प्राधिकरणाच्या (आयआरडीएआय) जून २०२४ च्या परिपत्रकानुसार विमाधारक कोणतेही कारण न देता पॉलिसी केव्हाही रद्द करू शकतो, परंतु कंपनीला ती केवळ फसवणूक सिद्ध झाल्यावर आणि वैयक्तिक विमाधारकाला किमान सात दिवसांची नोटीस देऊनच रद्द करता येते. अर्जावर सही झाली असती, तर कंपनीचा निर्णय कागदोपत्री भाचीचा ठरला असता आणि कारण देण्याची कंपनीची जबाबदारीच उरली नसती. आम्ही सही न करता नव्या कराराची प्रत पाठवली आणि फसवणुकीचा आरोप असल्यास तो लेखी कळवावा, असे ईमेलने विचारले. त्यानंतर पॉलिसी पूर्ववत चालू राहिली.

घर बदलले असते, तर गोष्ट वेगळी होती. नवा पत्ता कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवून घेणे हे भाडेकरूचेच काम आहे.

पॉलिसी गेली म्हणून घरही सोडावे लागेल का, ही भाचीची पहिली धास्ती होती. विम्याचा करार तिचा आणि कंपनीचा. घरमालकाशी झालेल्या करारनाम्यात विम्याची अट नसेल, तर पॉलिसी बंद होणे हे घर रिकामे करून मागण्याचे कारण होऊ शकत नाही. अशी अट आहे का, हे मात्र सही करण्यापूर्वीच वाचावे.

कंपनी ऐकत नसेल, तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. नियामक प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई मंजूर होऊ शकते. मुंबईतील हे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत तेथे अर्ज द्यावा लागतो, म्हणून कंपनीचे प्रत्येक पत्र तारखेसह जपून ठेवावे.