त्या माणसाचं म्हणणं काय होतं?

पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावात मी सातवीला इतिहास शिकवते. मे महिन्यात आमच्या गावची वार्षिक सभा भरली. इथे अजूनही गावकरी एकत्र जमतात आणि हात वर करून बजेट मंजूर करतात. शाळेच्या नव्या इमारतीचा ठराव होता. एक वयस्क शेतकरी उभे राहिले आणि कर परवडत नाहीत म्हणाले. माझं डोकंच फिरलं. पुढचं मी ऐकलंच नाही, शेजारणीशी कुजबुजत बसले.

दुसऱ्याच दिवशी मुलांना घेऊन स्टॉकब्रिजला, चित्रकार नॉर्मन रॉकवेल याच्या संग्रहालयात गेले. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ६ जानेवारी १९४१ च्या भाषणात चार स्वातंत्र्यं सांगितली होती: बोलण्याचं, उपासनेचं, अभावापासून आणि भयापासून मुक्तीचं. त्यावरची रॉकवेलची चारही चित्रं तिथे आहेत. ही चित्रं काढायची रॉकवेलची कल्पना वॉशिंग्टनच्या सरकारी अधिकाऱ्यांनी आधी स्वीकारली नव्हती. फेब्रुवारी-मार्च १९४३ मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाने चित्रं सलग चार अंकांत छापली. मग सरकारनेच ती १६ शहरांत फिरवली आणि १३ कोटी डॉलरहून जास्त किमतीचे युद्धरोखे, म्हणजे युद्धखर्चासाठी लोकांना विकलेले सरकारी कर्जरोखे, खपवले.

पहिल्याच, बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या चित्रापाशी आम्ही थांबलो. चौकड्यांचा शर्ट, वापरून विटलेलं जाकीट, खिशात घडी घातलेला कागद. समोरच्या बाकावर राकट हात टेकून एक माणूस बोलतोय. आजूबाजूला टाय लावलेली मंडळी.

“मिस, पण हा म्हणतोय काय?” एका मुलीने विचारलं.

उत्तर मला माहीत होतं, आणि दरवर्षी मी ते गाळायचे. त्या दिवशी सांगितलं. रॉकवेल तेव्हा व्हरमाँटमधल्या आर्लिंग्टनला राहायचा. गावची शाळा जळाली होती आणि ती पुन्हा बांधायला सगळं गाव तयार होतं. जिम एजर्टन नावाचा शेजारी सभेत विरोधात बोलला. त्याचं कुणालाच पटलं नाही, पण सगळ्यांनी ऐकून घेतलं. पुढे एका रात्री जाग आली तेव्हा रॉकवेलला तेच आठवलं. चित्रासाठी उभा राहिला तो मात्र पेट्रोलपंपवाला कार्ल हेस. हे चित्र रॉकवेलने कितीदा तरी नव्याने सुरू केलं.

“म्हणजे हा शाळेच्या विरोधात?” एक मुलगा जवळजवळ ओरडलाच. “मग याचं चित्र कशाला काढलं?”

त्या मुलीने चित्रातल्या शेजारी बसलेल्या टायवाल्या वयस्क माणसाकडे बोट केलं. मान वर करून तो बोलणाऱ्याकडे बघत होता. “याचं काढलंय,” ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मी कुणाशी फारसं बोलले नाही.

रात्री सभेचं रेकॉर्डिंग लावलं. शेतकरी आजोबा चार मिनिटं बोलले होते. शाळा नको असं त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं. जुन्या इमारतीचं छप्पर आधी दुरुस्त करा, व्यायामशाळा दोन वर्षांनी बांधा, एवढंच म्हणणं होतं. मधेच त्यांचा आवाज थोडा बसला आणि ते थांबले. त्या शांततेत माझं कुजबुजणं स्पष्ट ऐकू येत होतं.