सात किलो उतरले, पण कशाचे?

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी निव्वळ खाणे कमी करून पाच महिन्यांत सात किलो वजन उतरवले, तेव्हा भेटेल त्याने माझे कौतुक केले. काटा ७८ वरून ७१ वर आला होता. मात्र त्याच सुमारास खाली पडलेला चष्मा उचलून उभे राहताना मला टेबलाचा आधार घ्यावा लागू लागला होता, आणि ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती.

नुसता आहार घटवून उतरवलेल्या वजनात बहुतांश चरबी असली, तरी साधारण पाव हिस्सा स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा असतो. तिशीत ही तूट लवकर भरून निघते. सत्तरीत ती भरणे अवघड जाते, कारण वयाबरोबर स्नायूंची झीज मुळातच सुरू असते. या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव १९८९ मध्ये अमेरिकन पोषणतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवले. स्नायूंची जागा हळूहळू चरबीने घेतली तर काटा जागचा हलतही नाही, आणि माणूस मात्र जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबतो.

उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणाऱ्या बीएमआयचीही (बॉडी मास इंडेक्स) म्हातारपणी थोडी फसगतच होते. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे हे सूत्र बेल्जियन गणिती अडोल्फ केटले यांचे, एकोणिसाव्या शतकातले, आणि त्यांना त्यातून 'सरासरी माणूस' शोधायचा होता, एखाद्याचे आरोग्य नव्हे. त्यात वयोमानाने उंची घटते. माझी १६८ सेंटीमीटरवरून १६५ झाली. म्हणजे ७८ किलोलाच पूर्वी २७.६ भरणारा बीएमआय, मी एक घासही जास्त न खाता, २८.७ झाला असता.

याचा अर्थ लठ्ठपणा निरुपद्रवी आहे, असा मुळीच नाही. एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, आणि दुखरा गुडघा माणसाला घराबाहेर पडू देत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. परंतु दुसरे टोकही तितकेच वाईट असते. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन गळाले, तर 'छान बारीक झालात' असे म्हणण्याऐवजी त्या माणसाला डॉक्टरांकडे न्यावे.

२०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला एक प्रयोग मला उशिरा वाचायला मिळाला. पासष्टीपुढच्या १०७ लठ्ठ व्यक्तींवर तो वर्षभर चालला, आणि नुसता आहार किंवा नुसता व्यायाम यांपेक्षा दोन्ही एकत्र करणाऱ्यांच्या हालचालींत सर्वाधिक सुधारणा दिसली. मी निम्माच उपाय केला होता, आणि तोही अर्धपोटी.

आता प्रथिने नीट घेतो, आठवड्यातून तीनदा वजने उचलतो आणि काट्यावर महिन्यातून एकदाच उभा राहतो. त्याऐवजी हात छातीशी दुमडून तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते, ते मोजतो. माझ्या वयाच्या पुरुषाला किमान बारा वेळा उठता यायला हवे. पहिल्या दिवशी मी सात वेळा उठलो होतो. काल अकरा झाले. वजन मात्र दोन किलोंनी वाढले आहे, आणि कौतुक करायला या वेळी कोणीही आलेले नाही.