जैतुनाखालची मिस्सा

मी वसईचा. पवित्र भूमीच्या यात्रा नेणं हे माझं काम. 2014 च्या ऑक्टोबरात निघालो ती माझी बारावी खेप होती. बेथलेहेमचं वेळापत्रक मला तोंडपाठ होतं. जन्ममंदिर, दुधाची गुहा, मेंढपाळांचं शेत, जैतुनाच्या लाकडाच्या मूर्तींचं दुकान, जेवण, की परत चेकपोस्ट ओलांडून जेरुसलेम. प्रत्येक ठिकाणी म्हणायची प्रार्थना मी एका पत्रकावर छापून घेतली होती. बेथलेहेमच्या पानावर शेवटची ओळ होती, ‘पवित्र भूमीत शांती नांदो.’ अकरा गटांनी ती म्हटली होती.

त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये गाझात युद्ध झालं. पन्नास दिवसांत दोन हजारांहून जास्त पॅलेस्टिनी माणसं मारली गेली. यात्रेकरूंनी धडाधड नावं मागे घेतली होती. जन्मस्थानाच्या गुहेत उतरायला एरवी दोन-दोन तास रांगेत जातात. त्या शुक्रवारी आम्ही वीस मिनिटांत बाहेर आलो. हाताशी वेळच वेळ होता.

आमचा तिथला गाईड बेत जालाचा, बेथलेहेमला लागूनच असलेल्या ख्रिस्ती वस्तीच्या गावचा. पाच वर्षं ओळख, पण बोलणं कामापुरतंच. तो जवळ येऊन म्हणाला, “आज शुक्रवार. आमच्या क्रेमिझानच्या खोऱ्यात झाडांखाली मिस्सा असते. तुमच्या माणसांना घेऊन याल?”

मी घुटमळलो. ज्या कंपनीसाठी मी काम करायचो तिची सक्त ताकीद होती, कार्यक्रमाबाहेर काही नको, राजकारण तर नकोच. ही मिस्सा, म्हणजे आमची कॅथलिक उपासना, तिथे कशासाठी असते हे मला ऐकून माहीत होतं. मी आमच्यासोबतच्या फादरांकडे पाहिलं. ते म्हणाले, “मिस्साच आहे ना? मग चला की.”

बस वर रस्त्यावर सोडली आणि आम्ही दगडी बांधांच्या पायवाटेने उतरलो. उतारावर टप्प्याटप्प्याने जैतुनाची झाडं, पलीकडे सालेशियन फादरांचा मठ. 1885 पासून ते तिथे द्राक्षमळे राखून आहेत. समोरच्या टेकडीवर गिलो, दुसऱ्या अंगाला हर गिलो, या दोन्ही इस्रायली वसाहती. पॅलेस्टिनी वस्त्या वेगळ्या पाडण्यासाठी इस्रायल बांधत असलेली भिंत या दोहोंना जोडत खोऱ्यातून जाणार होती. 58 कुटुंबांची जमीन तिच्यापलीकडे राहणार होती. खटला तेव्हा इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात होता. 2011 पासून बेत जालाचे लोक शुक्रवारी इथे जमत होते. ना घोषणा, ना दगड. मिस्सा लावायची आणि घरी जायचं.

वेदी म्हणजे घडीचं टेबल. एका पायाखाली सपाट दगड सरकवलेला. वाऱ्याने उडू नये म्हणून पांढऱ्या कापडाला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते. झोडणीचा हंगाम होता. झाडांखाली ताडपत्र्या अंथरलेल्या, आणि पायाखाली जैतुनाची फळं फुटून तेलकट वास येत होता. लोक तीस-चाळीस असतील, त्यात म्हाताऱ्या बायका पुष्कळ. आमचे अडतीस जण मिसळले तेव्हा गर्दी दुप्पट झाली. एका आजोबांनी स्वतःची प्लास्टिकची खुर्ची आणून वाघोलीच्या मावशींना दिली. मावशी सत्तरीच्या, कुपारी पद्धतीचं लाल लुगडं नेसलेल्या. सगळे त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते.

मिस्सा अरबीतून. पहिल्यांदा ‘अल्लाह’ हा शब्द ऐकला तशी आमच्यातले दोघं-तिघं चमकले. गाईडने समजावलं, अरबी ख्रिस्ती माणूस देवाला दुसरं काय म्हणणार? मग ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू झालं. पहिलाच शब्द, ‘अबाना’. मावशी माझ्या बाहीला धरून म्हणाल्या, “अरे, हे तर आबा म्हणतायत!” मी म्हणालो, होय मावशी, आमचा आबा. त्यांनी डोळे मिटले आणि पुढची सगळी प्रार्थना मराठीत, मोठ्याने म्हटली. मग आमचे सगळेच म्हणू लागले.

श्रद्धावंतांच्या प्रार्थना आल्या. गाईड माझ्या कानाशी भाषांतर करत होता. गाझातल्या मेलेल्यांसाठी. तुरुंगातल्या मुलांसाठी. चेकपोस्टवर उभ्या असलेल्या सैनिकांसाठी, त्यांच्या मनातली भीती जावो म्हणून. खटल्याच्या न्यायाधीशांसाठी. या खोऱ्यासाठी, त्याचं नाव घेऊन. ‘न्याय’ हा शब्द किती वेळा आला ते मी मोजलं नाही. ‘शांती’ मात्र दर वेळी त्याच्या पाठोपाठच आली.

मग तिथल्या धर्मगुरूंनी आम्हाला विनंती केली, तुमच्याही भाषेत एक प्रार्थना म्हणा. सगळे माझ्याकडे बघू लागले. पत्रक माझ्या हातात होतं. ती ओळ मी वाचू शकलो नाही. ज्यांची जमीन चालली आहे त्यांच्यासमोर ‘शांती नांदो’ एवढंच म्हणायचं, म्हणजे गप्प बसा असंच म्हणायचं की. माझी जीभ उचलेना.

मावशी खुर्चीतून उठल्या. आमच्या वसईकडच्या सामवेदी बोलीत बोलल्या, अगदी घरी बोलावं तशा. देवा, यांची झाडं यांच्या हाती राहू दे. यांच्या पोरांना परदेशी जावं लागू नये. ज्यांना ही जमीन पाहिजे, त्यांना दुसऱ्याचं घेतल्याशिवाय सुखाने जगता यावं. “हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक,” आम्ही म्हणालो. गाईडने ते अरबीत सांगितलं तेव्हा खुर्ची देणारे आजोबा टोपी काढून रडले.

परतीच्या वाटेवर मावशी म्हणाल्या, आमचीही वाडी गेली रे, कळतं. मी पुढे काही बोललो नाही, पण मनात आलं की मावशींची वाडी पैशाने आणि आराखड्याने गेली, भांडायला कचेरी तरी होती. इथे ज्याच्या हुकुमाने जमीन जाते त्याला निवडून देण्याचा हक्कच यांना नाही.

बसमध्ये मी गाईडला विचारलं, पाच वर्षांत कधी बोलला का नाहीस? तो म्हणाला, “तुम्ही विचारलं नाहीत.” 2009 मध्ये पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांनी ‘कैरोस’ हे निवेदन काढलं, त्यात जगभरच्या चर्चना बोलावणं आहे, या आणि पाहा. मी माणसं नेतच होतो. दगड दाखवून परत आणत होतो.

कंपनीने मला जाब विचारला. मी उत्तर लिहून दिलं आणि पत्रक बदललं.

एप्रिल 2015 मध्ये न्यायालयाने भिंतीचा तो मार्ग नाकारला. आम्ही वसईत पेढे वाटले. जुलैत त्याच न्यायालयाने काम करू दिलं आणि ऑगस्टमध्ये बुलडोझर आले. गाईडने फोटो पाठवला. मुळासकट उपटलेली जैतुनं, आणि बाजूला जमिनीवर उभे राहून प्रार्थना करणारे धर्मगुरू. मावशींना तो फोटो मी आठवडाभर दाखवला नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये गाझात पुन्हा युद्ध पेटलं, तेव्हापासून माझ्या यात्रा बंद आहेत. गाईडचं काम बंद आहे. पोप फ्रान्सिस गाझातल्या एकुलत्या एक कॅथलिक चर्चला रोज संध्याकाळी फोन करायचे हे वाचलं, तेव्हापासून मीही गाईडला दर शुक्रवारी फोन करतो. जुलै 2025 मध्ये त्याच चर्चवर हल्ला होऊन तीन माणसं गेली. पुढच्या महिन्यात, 22 ऑगस्टला, पोप लिओंनी उपास आणि प्रार्थनेचा दिवस पाळायला सांगितलं. त्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये मी बदललेल्या पत्रकातली ओळ वाचली, ‘गाझा आणि बेत जालाच्या लोकांना न्याय मिळो, आणि त्या न्यायातून दोन्ही बाजूंच्या लेकरांना शांती मिळो.’ मावशी आता व्हीलचेअरवर असतात. पहिल्या बाकाशेजारून त्यांचा आवाज सगळ्यांच्या आधी आला, “अबाना...”