तुम्ही विचारलंत म्हणून: चालू गेमची कॅसेट वाकडी का करतो

घरी येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. परवा नौपाड्याहून मावशी आली, तीही म्हणाली, अरे चांगला चाललेला मारिओ मुद्दाम कशाला बिघडवतोस, जळेल ना ते.

तर ही खोड कळव्याची. नव्वदच्या दशकात आमच्याकडे फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेंडोच्या जपानी गेम मशीनची, कॉपी असलेला टीव्ही गेम होता, पिवळी कॅसेट, वर ९९९९ गेम लिहिलेले आणि आत मोजून सहा-सात, बाकी तेच ते नाव बदलून. एकदा वायरीत पाय अडकला, कॅसेट एका बाजूने उचलली गेली आणि मारिओच्या जागी आकडे नि विटांचे तुकडे पळायला लागले, पण म्युझिक चालूच, उडी मारली की उडीचा आवाजही येतोय! पहिली लेव्हल पाठ होती, तो कचराच उड्या मारवत मी झेंड्यापर्यंत नेला. आई म्हणाली टीव्ही गेला वाटतं.

कारण बऱ्याच वर्षांनी कळलं. त्या कॅसेटला ६० पिना, एका टोकाकडे जास्त करून प्रोग्रामच्या आणि दुसऱ्या टोकाकडे चित्रांच्या. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये प्रोग्राम ३२ केबी, चित्रं ८ केबी, दोन्ही वेगळ्या चिपमध्ये. चित्रांचं टोक सुटलं तर मारिओ असतो, फक्त दिसत नाही. प्रोग्रामचं सुटलं की सरळ हँग, त्यात काय मजा नाही.

पण मारिओत एक गोम आहे. वरची स्कोअरची पट्टी जागेवर ठेवून खालचं सरकवायचं म्हणून गेम दर फ्रेमला थांबून बघतो, की पट्टीतल्या नाण्याखाली लपवलेलं एक बारकंसं चित्र त्या नाण्यावर उमटलं का. ते चित्रच गायब झालं तर बिचारा वाट बघत बसतो, म्युझिकचा एकच सूर लांबत राहतो आणि सगळं थिजतं. म्हणजे कधी चालतं, कधी अडकतं, अर्ध्या मिलिमीटरचा खेळ. मला त्या अर्ध्या मिलिमीटरचंच वेड आहे, राजकन्या सुटली काय नि न सुटली काय.

जपानी पोरं तर आमचे आजोबा निघाली. मशीन चालू ठेवूनच मारिओ काढायचा, टेनिसची कॅसेट घालायची, थोडं खेळायचं, परत मारिओ लावून रीसेट, मग ए बटण धरून स्टार्ट. मशीनच्या २ केबी मेमरीत टेनिसने मागे ठेवलेला आकडा मारिओ वर्ल्डचा, म्हणजे लेव्हलच्या गटाचा, नंबर समजतो आणि तुम्ही अशा वर्ल्डमध्ये जाता जे कोणी बनवलंच नाही!

आता, जळतं का? गेम पुसला जात नाही, पण पिना एकमेकींना चिकटून शॉर्ट झालं तर मशीन किंवा कॅसेट जाऊ शकते, तेव्हा दुसऱ्याच्या मशीनवर करू नका. माझ्या हातून एक गेलीये, दादाची काँट्रावाली. तो अजून ती विकणाऱ्या वाशीच्या दुकानदाराला शिव्या घालतो.