111 पेट्या आणि एक उडती बाइक

24 जून 2022, शुक्रवार. गोव्यात म्हापशाला शुक्रवार म्हणजे बाजार, आणि त्या वर्षी सांजांव, सेंट जॉनचा पावसाळी सण, त्याच दिवशी आलं होतं. खाली रस्त्यावर सुकी मासळी, मिरच्या, ताडपत्र्या आणि धो धो पाऊस. मधूनच एखादी टोळी घुमट हे मातीचं वाद्य वाजवत ‘व्हिवा सांजांव’ ओरडत जायची. पहिल्या मजल्यावर माझा गेमिंग कॅफे. सणाचा दिवस असूनही दहापैकी आठ सिस्टीम भरलेल्या होत्या.

तीन नंबरवर अस्नोड्याचा एक पोरगा बसला होता. दोन महिने रोज मोजून एका तासाचे पैसे घेऊन यायचा आणि जीटीए ऑनलाइन या गेममध्ये एकच काम करायचा, गोदाम भरायचं. त्यातल्या मोठ्या गोदामात 111 पेट्या मावतात. तेव्हा एका खेपेला जास्तीत जास्त तीन मिळायच्या, त्याही गेममधले 18,000 डॉलर मोजून. म्हणजे कितीही घाई केली तरी 37 खेपा. भरलेलं गोदाम एकदम विकलं की हातात 22 लाखांवर डॉलर पडतात. पण तेव्हा गेमचा नियम असा होता की माल विकायचा तर सार्वजनिक लॉबीतच, म्हणजे अनोळखी खेळाडू असलेल्या खुल्या खेळातच विकायचा, आणि तिथे कोण कुठून येईल सांगता येत नाही. त्या दिवशी त्याचं गोदाम भरलं होतं. ट्रक बाहेर काढताना त्याने मला हाकही मारली होती, “दादा, पळय (बघ).”

सात नंबरवर शिवोलीचा एक जण होता. डोक्यावरचं कोपेल, म्हणजे सणाचा पानाफुलांचा मुकुट, काढून त्याने मॉनिटरच्या कोपऱ्याला अडकवलं होतं आणि ओल्या पानांचं पाणी माउसपॅडवर ठिबकत होतं. तोही त्याच लॉबीत होता, हे दोघांनाही माहीत नव्हतं. त्याच्याकडे ऑप्रेसर मार्क टू होती. ही बाइक ऑगस्ट 2018 मध्ये गेममध्ये आली आणि माझ्या कॅफेत तिच्याइतकी भांडणं दुसऱ्या कशानेच लावलेली नाहीत. ती हवेत उडते, तिच्यावर 20 क्षेपणास्त्रं बसतात आणि लॉक झाल्यावर ती निशाण्यामागे वळणं घेत जातात.

अस्नोड्याच्या पोराने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “दादा, माल गेलो.” एवढंच म्हणाला. पडद्यावर ट्रक जळत होता.

आणि त्याच क्षणी सात नंबरवरून हसण्याचा आवाज आला. पुढचं सांगायला नको. खुर्ची पडली, कॉलर धरली गेली, मी मध्ये उभा राहिलो. दोघांना वेगळं केल्यावर मी शिवोलीच्या पोराची बाजू घेतली, हे कबूल करतो. म्हटलं, गेमच्या नियमात आहे, त्याने चीटिंग केलेलं नाही, विषय संपला.

विषय संपला नाही. आठही जण खुर्च्या वळवून बसले. बाइक ओपी, म्हणजे प्रमाणाबाहेर ताकदवान, आहे की नाही, यावर जे सुरू झालं ते तासभर थांबेना. शिवोलीवाल्याचं म्हणणं ठाम होतं. “दादा, तिला चिलखतच नाही. एक रॉकेट लागलं की खल्लास. टेररबाइट ट्रक घे, त्याच्या वर्कशॉपात क्षेपणास्त्रं बसय, पयशे किते कमी लागतात? नेम शिका म्हणावं लोकांनी.” पाच नंबरवरचा म्हणाला, डिसेंबर 2021 पासून लॉक तोडणारा जॅमर मिळतो, तो बसवा. त्यावर अस्नोड्याचा पोरगा पहिल्यांदा बोलला, “मालाच्या ट्रकाक खंय बसता जॅमर?” बसत नाही. ठरावीक गाड्यांनाच तो लागतो.

शेवटी मी म्हटलं, तोंडाने नको, खेळून बघू. सगळ्यांना खासगी सेशनमध्ये, म्हणजे बाहेरचं कोणी नसलेल्या खेळात घेतलं. आधी बाइकवाला विरुद्ध पाच नंबर, मोकळ्या मैदानात. पाच नंबरकडे हेवी स्नायपर मार्क टू होती, स्फोटक गोळ्यांची. सहा डावांत चार वेळा त्याने बाइक हवेतच फोडली. शिवोलीवाला हरूनही खूश, कारण त्याचा मुद्दा सिद्ध होत होता. चांगला नेमबाज समोर असेल तर ही बाइक म्हणजे काडेपेटी आहे, हे खरंच आहे.

मग मी शिवोलीवाल्याला बाइकवरून उतरवलं आणि एका अवजड ट्रकवर बसवलं. बाइक अस्नोड्याच्या पोराला दिली. खासगी सेशनमध्ये तेव्हा माल विकता येत नव्हता, म्हणून ट्रक रिकामाच होता. फक्त बंदरापासून विमानतळापर्यंत न्यायचा. त्या पोराने आयुष्यात ती बाइक चालवली नव्हती. पहिल्या दोन खेपांत तो स्वतःच इमारतीला धडकला. तिसऱ्या खेपेला त्याने ट्रक उडवला. चौथ्यालाही, पाचव्यालाही. शिवोलीवाल्याने ट्रक थांबवून, खाली उतरून रॉकेट लाँचरने लॉक करून पाहिलं, तर बाइकवरून लॉक तोडणारं चॅफ सुटलं आणि रॉकेट भरकटलं. पाच नंबरला राखणीला दिलं तेव्हा एकदा बाइक पडली. पण स्वार थोड्याच वेळात दुसऱ्या बाजूने पुन्हा हवेत, आणि राखणदार अजून आकाश शोधतोय.

तिथे मला माझा मघाचा न्याय चुकीचा वाटू लागला. मैदानात दोघांचंही सारखंच जातं, एक जीव. रस्त्यावर एकाची बाइक जाते, जी थोड्या वेळात परत मागवता येते, आणि दुसऱ्याच्या 37 खेपा जातात, ज्या परत येत नाहीत. बाइक किती मजबूत आहे हे आम्ही तासभर मोजत होतो. समोरच्याचं काय पणाला लागलंय आणि त्याच्या हातात उत्तर म्हणून काय आहे, हे कोणी मोजलंच नव्हतं. मी तसं सगळ्यांसमोर म्हटलं. शिवोलीवाला गप्प झाला. त्याने कोपेलातलं एक पान तोडून बोटांत चुरगाळलं आणि म्हणाला, “तो हांगा बसला हें म्हाका खबर नाशिल्लें, दादा.” तो इथेच बसलाय हे त्याला माहीत नव्हतं, आणि मला ते खरं वाटलं. अनोळखी नावावर क्षेपणास्त्र सोडणं सोपं असतं.

पुढच्याच महिन्यात, 26 जुलै 2022 ला गेममध्ये मोठा बदल आला. मार्क टूच्या क्षेपणास्त्रांची पकड ढिली केली, चॅफ पुन्हा सोडण्याआधीचा थांबाही वाढवला. पोरांनी चर्चा केली ती याचीच, ‘बाइक नर्फ झाली’, म्हणजे तिची ताकद घटवली. माझ्या मते खरा फरक त्याच अपडेटमधल्या दुसऱ्या बदलाने पडला. आता माल खासगी सेशनमध्येही विकता येऊ लागला. बाइकवाल्यांशी लढायचं की नाही, हे ट्रकवाल्याने ठरवायचं. सार्वजनिक लॉबीत मात्र मार्क टू आजही भारीच आहे, असं मी म्हणेन.

त्या दिवशीचे पैसे मी अस्नोड्याच्या पोराकडून घेतले नाहीत. तो महिनाभर फिरकला नाही. चवथीच्या आधी आला, तीन नंबर रिकामा नव्हता म्हणून नऊवर बसला आणि पहिल्या तीन पेट्या आणायला निघाला. दिवाळी जवळ आली तेव्हा एका संध्याकाळी काउंटरवर तासाचे पैसे ठेवत हळूच म्हणाला,

“दादा, माल गेलो. सगळो.”